आई-बाबांचा पहिला युरोप प्रवास: शेंगेन व्हिसाचे कागद आणि दिवसांचा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा आहे: "कोरेगाव तालुक्यात आमची शेती आहे, आलं आणि ऊस. बाबा ६६ वर्षांचे, आई ६१. ताई म्युनिकला नोकरी करते. जूनमध्ये दोघांना तिच्याकडे पाठवायचंय. तिथून चार दिवस स्वित्झर्लंड, चार दिवस पॅरिस, तीन दिवस लंडन आणि परत म्युनिक. दोघंही पहिल्यांदाच परदेशात जातायत. बाबांचं इन्कम टॅक्स रिटर्न नाही. एजंट म्हणतो, फ्रान्सची अपॉइंटमेंट लवकर मिळते, तिथून काढू आणि खात्यात पाचेक लाख दाखवा. ताई म्हणते, ९० दिवसांचा मागा. बाबांचा पासपोर्ट १९ ऑक्टोबरला संपतोय. काय करावं?"

आधी उत्तर सांगते, कारणं मागून. अर्ज जर्मनीकडेच करा. ३० दिवस मागा. लंडन या खेपेला सोडा. खात्यात उसने पाच लाख भरू नका. आणि या सगळ्याच्या आधी बाबांचा पासपोर्ट नूतनीकरणाला टाका.

मी पुण्यात बावीस वर्षं व्हिसाच्या फायली लावते आहे. गावाकडचे आई-वडील, कोरा पासपोर्ट आणि लेक तिकडे, अशा फायलींमध्ये माझा जीव सगळ्यात जास्त गुंततो. या माणसांकडे खरे कागद भरपूर असतात, फक्त व्हिसाच्या यादीत छापलेल्या नावांचे नसतात. यादीत लिहिलेलं असतं सॅलरी स्लिप, रजेचं पत्र, रिटर्न. मग कुणीतरी घाबरवतं आणि घरचे लोक नसलेले कागद उभे करायला लागतात. २०२४ मध्ये भारतातून शेंगेनसाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, अकरा लाखांहून जास्त अर्ज गेले आणि त्यातले दीड लाखाहून जास्त नाकारले गेले. माझ्या टेबलावर नकार घेऊन येणाऱ्या लोकांच्या फायली मी उघडते, तेव्हा बहुतेक वेळा माणूस खराच असतो. त्याचे कागदच एकमेकांशी भांडत असतात.

आता पासपोर्ट. नियम तीन आहेत: पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला हवा, शेंगेनमधून बाहेर पडण्याच्या तारखेनंतर किमान ३ महिने चालू हवा आणि त्यात निदान दोन पानं कोरी हवीत. आई-बाबा ४ जुलैला परत निघाले तर तीन महिने ४ ऑक्टोबरला पूर्ण होतात. बाबांचा पासपोर्ट १९ तारखेपर्यंत आहे, म्हणजे नियमात बसतो, पण पंधरा दिवसांच्या अंतराने. तिकडे पाय मुरगळला, परतीचं तिकीट पुढे ढकलावं लागलं, की हे पंधरा दिवस संपले. शिवाय पुढे कधी दोन किंवा पाच वर्षांचा व्हिसा मिळायची वेळ आली तर तो पासपोर्टच्या मुदतीत बसावा लागतो. म्हणून नवा काढा, आणि तो हातात येईपर्यंत पुढचं काही सुरू करू नका. विमा, फॉर्म आणि ताईंचं जर्मनीतलं खर्चाचं हमीपत्र (त्याबद्दल पुढे सांगते) या तिन्हींवर पासपोर्टचा नंबर येतो. मध्येच नंबर बदलला तर तिन्ही कागद नव्याने करावे लागतात, आणि हमीपत्रासाठी ताईंना तिथल्या कचेरीची वेळ परत मिळवावी लागते.

शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं मोझेल नदीकाठचं छोटं गाव. १४ जून १९८५ ला तिथे पाच देशांनी करार केला, म्हणून हे नाव. आज या क्षेत्रात २९ देश आहेत. २०२३ च्या सुरुवातीला क्रोएशिया आत आला, आणि रोमानिया-बल्गेरियाच्या जमिनीवरच्या सीमाही १ जानेवारी २०२५ पासून खुल्या झाल्या. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे म्युनिकहून झुरिकला आणि तिथून पॅरिसला जायला एकच व्हिसा पुरतो. ब्रिटन आणि आयर्लंड मात्र बाहेर आहेत.

अर्ज कुठल्या देशाकडे करायचा हे आपल्या मर्जीवर नसतं. जिथे मुख्य मुक्काम, त्या देशाकडे अर्ज. मुख्य म्हणजे जिथे जास्त दिवस राहणार किंवा प्रवासाचं खरं कारण जिथे आहे तो. दिवस सारखेच होत असतील तरच जिथून पहिल्यांदा आत शिरणार तो देश बघायचा. तुमच्या बाबतीत दिवसही जर्मनीत जास्त आणि लेकही जर्मनीत, म्हणजे शंकेला जागाच नाही. विमान पॅरिसला उतरलं तरी अर्ज जर्मनीकडेच.

तुमचा एजंट फ्रान्सचं सुचवतोय, त्याचा अर्थ काय होतो ते नीट समजून घ्या. फ्रान्सच्या अर्जात त्याला पॅरिसचा मुक्काम सर्वात लांब दाखवावा लागेल. म्हणजे बारा-पंधरा दिवसांची हॉटेलं बुक करून नंतर रद्द करायची, आणि ताईंचं नाव एक तर लपवायचं नाहीतर कोपऱ्यात ढकलायचं. मग बाबा म्युनिकला उतरतील, खिडकीतला अधिकारी विचारेल कुठे राहणार, आणि बाबा खरं तेच सांगतील: लेकीकडे, महिनाभर. व्हिसा फ्रान्सचा, कारण पॅरिस दर्शनाचं. चुकीच्या माहितीवर घेतलेला व्हिसा सीमेवरसुद्धा रद्द होऊ शकतो. सहासष्ट वर्षांच्या माणसाला आयुष्यातल्या पहिल्या विमानप्रवासानंतर तिथे खोटं बोलायला लावू नका.

लंडनचं दुखणं वेगळं आहे. ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा स्वतंत्र, त्याची फी, बोटांचे ठसे आणि फायलीचा वेळही स्वतंत्र. त्यात तुमचा बेत लंडनहून परत म्युनिकला येण्याचा आहे. लंडनला गेलं की शेंगेनमधून बाहेर पडलं, आणि परत शिरणं ही दुसरी एंट्री. पहिल्याच व्हिसावर एकच एंट्री मिळाली तर आई-बाबा लंडनला अडकतील. माझ्याकडे अशी एक जोडी आली होती. तिकिटं काढून झाली होती, निघायला आठ दिवस उरले होते, आणि स्टिकरवर एंट्रीच्या रकान्यात ०१ छापलेलं त्यांनी पाहिलंच नव्हतं. लंडनची तिकिटं सोडून द्यावी लागली. तीन दिवसांसाठी हा भार पहिल्या प्रवासावर टाकू नका. हेच तीन दिवस म्युनिकला राहिले तर आई जास्त खूश होतील असं मला वाटतं.

आता ताईंचे ९० दिवस. नियम असा: कुठल्याही सलग १८० दिवसांत ९० पेक्षा जास्त दिवस शेंगेनमध्ये राहता येत नाही. उतरल्याचा दिवस आणि बाहेर पडल्याचा दिवस, दोन्ही धरायचे. मुंबईहून ४ जूनच्या मध्यरात्रीनंतर निघालात आणि ५ ला सकाळी उतरलात तर हिशोब ५ पासून. ४ जुलैच्या रात्री म्युनिकहून बाहेर पडण्याची नोंद झाली तर शेवटचा दिवस ४ जुलै, मुंबईला ५ ला पोचलात तरी. जूनचे २६ आणि जुलैचे ४, बरोबर ३० दिवस. ताई म्हणतात तसे पूर्ण ९० राहिले तर ते २ सप्टेंबरला संपतात, आणि परत जायचं असेल तर २ डिसेंबरच्या आधी एक दिवसही मिळत नाही. १८० दिवसांची खिडकी रोज एकेक दिवस पुढे सरकते, आणि ५ जूनचा दिवस तिच्याबाहेर पडायला तेवढा काळ लागतो.

म्हणजे ९० दिवस मागणं बेकायदा मुळीच नाही. लेकीचं बाळंतपण असेल तर मी स्वतः ९० चा अर्ज करते आणि त्यामागे डॉक्टरांचं पत्र लावते. पण तुमचा बेत महिन्याचा आहे, तिकिटं महिन्याची असतील, आणि शेत तीन महिने सोडून राहणारा शेतकरी कागदावर पटत नाही. जेवढं राहायचं तेवढंच मागा.

आणि इथेच तुमची फाईल इतरांपेक्षा भक्कम होऊ शकते. नकारपत्रात सर्वात जास्त दिसणारं एक कारण असतं, अर्जदार मुदतीत परत जाईल याबद्दल वाजवी शंका. नोकरदार माणूस रजेचं पत्र जोडतो. शेतकऱ्याच्या परतीचं पत्र त्याच्या शेतात असतं, ते फक्त लिहून काढावं लागतं. अर्जासोबतचं पत्र बाबांच्या तोंडचं असू द्या, इंग्रजीत, साध्या वाक्यांत. त्यात अमुक एकर जमीन, गावाचं नाव, पिकं. मग: मे महिन्यात आल्याची लागण उरकून आम्ही निघतो. जुलैच्या मध्यापासून आडसाली उसाची लागण आहे, ती मी स्वतः उभा राहून करून घेतो, म्हणून ४ जुलैला परत निघणार. घरी म्हशी असतील तर त्या महिनाभर कोण बघणार तेही लिहा. हे वाचणाऱ्याला आडसाली म्हणजे काय हे माहीत नसेल, पण तारखांना कारण आहे हे त्याला दिसतं. जून निवडला तो हवा चांगली म्हणून नाही, तर दोन लागणींच्या मधला रिकामा महिना म्हणून, हे सत्य कुठलाही एजंट रचू शकत नाही.

त्या पत्राला टेकू देणारे कागद असे. डिजिटल सहीचा सातबारा आणि ८अ चा उतारा. ८अ विसरू नका, कारण बाबांच्या नावावरचे गावातले सगळे गट त्यात एकत्र दिसतात. साखर कारखान्याची ऊसबिलं. आल्याच्या विक्रीच्या आडत्याकडच्या हिशोबपट्ट्या. तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला. मराठी कागदांचं इंग्रजी किंवा जर्मन भाषांतर जोडावं लागतं. ते शिक्का-सहीनिशी काम करणाऱ्या भाषांतरकाराकडूनच करून घ्या, आणि त्याला क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहून कंसात एकरही लिहायला सांगा. रिटर्न नाही म्हणून जीव टांगणीला लावू नका. शेतीचं उत्पन्न केंद्राच्या आयकरातून माफ आहे, आणि पत्रात तसं एक वाक्य लिहिलं की पुरतं. व्हिसासाठी म्हणून घाईघाईत भरलेलं रिटर्न, ज्यातल्या आकड्यांचा बँकेशी मेळ नाही, त्यापेक्षा हे वाक्य शंभर पटीने चांगलं.

बँकेचं सांगते. यादीत तीन महिन्यांचं स्टेटमेंट मागितलेलं असेल तरी शेतकऱ्याचं मी नेहमी वर्षभराचं लावते. पगार दर महिन्याला दिसतो. उसाचे पैसे गाळप झाल्यावर हप्त्याने येतात, आल्याचे विकलं तेव्हा. तीनच महिने दाखवले आणि ते नेमके कोरडे निघाले तर खातं रिकामं वाटतं. वर्षाचं दाखवलं की कारखान्याच्या नावाची जमा दिसते, सोसायटीच्या पीककर्जाची उचल आणि भरणाही दिसतो. कर्ज लपवू नका. उचललं आणि वेळेवर फेडलं हीसुद्धा मुळं धरून असलेल्या माणसाची खूण आहे. जिल्हा बँकेचं खातं असेल तर नुसतं पासबुक झेरॉक्स करू नका, शाखेतून स्टेटमेंट घेऊन प्रत्येक पानावर शिक्का आणि सही मागा. मग ऊसबिलाच्या रकमेसमोर पेन्सिलने खूण करा आणि स्टेटमेंटमधल्या त्याच रकमेसमोरही. वाचणाऱ्याचा वेळ वाचला की त्याचा विश्वास वाढतो, हा माझा अनुभव आहे.

उसन्या पाच लाखांबद्दल एकच फाईल सांगते. द्राक्ष बागायतदार होते, बाग उत्तम, दरवर्षी व्यापाऱ्याचे पैसे खात्यात येणारे. पुतण्याने अर्जाच्या आठ दिवस आधी काकांच्या खात्यात सहा लाख भरले, 'बॅलन्स बरा दिसावा' म्हणून. नकार आला. कारणाच्या चौकटीत खूण होती की मुक्कामाचा हेतू आणि परिस्थिती याबद्दल दिलेली माहिती विश्वसनीय नाही. काका माझ्याकडे आले तेव्हा स्टेटमेंट हातात धरून म्हणाले, "ताई, हे सहा लाख सोडून बाकी सगळं माझं आहे." आम्ही ते पैसे परत पाठवल्याची नोंद दिसू दिली, पत्रात जे झालं ते सरळ लिहिलं, व्यापाऱ्यांच्या पट्ट्या जोडल्या आणि दोन महिन्यांनी पुन्हा अर्ज केला. व्हिसा मिळाला. पण पहिली फी गेली, सुट्टीचा हंगाम गेला, आणि काकांची झोप गेली ती वेगळी.

तुमच्या बाबतीत खर्चाचा मुख्य भार ताईंनी घ्यावा. जर्मनीत त्यासाठी एक ठरलेला सरकारी कागद आहे, फरफ्लिख्टुंग्सएर्क्लेरुंग. नाव लांब आहे, अर्थ सोपा: या पाहुण्यांचा राहण्याचा, आजारपणाचा, परतीचा खर्च मी करीन अशी कायदेशीर हमी. ताई राहतात तिथल्या परदेशी नागरिकांच्या कचेरीत हा कागद मिळतो. पगाराचे कागद आणि घरभाड्याचा करार न्यावा लागतो, फी २९ युरो. ताईंना हे समजावून सांगा की ही रीत म्हणून भरायची ओळ नाही. आई-बाबांसाठी तिथल्या सरकारला खर्च करावा लागला तर तो वसूल होऊ शकतो आणि ही जबाबदारी पाच वर्षं राहते. मूळ कागद कुरियरने भारतात यायला हवा, स्कॅन चालत नाही. काढल्यापासून सहा महिन्यांच्या आत तो वापरायचा असतो, म्हणून दिवाळीतच काढून ठेवू नका.

स्वित्झर्लंड आणि पॅरिसच्या आठ दिवसांची हॉटेलं खरी बुक करा, रद्द करता येतील अशी. स्वित्झर्लंड माणशी रोज १०० फ्रँकचा अंदाज धरतं, फ्रान्स हॉटेलचं बुकिंग असेल तर माणशी रोज ६५ युरो. दोघांचे ८०० फ्रँक आणि ५२० युरो झाले, म्हणजे दीड लाख रुपयांच्या आसपास. एवढे पैसे बाबांच्या खात्यात त्यांच्या स्वतःच्या उसाचे असतील तर पाच लाखांचा प्रश्नच उरत नाही. विमानाचं तिकीट व्हिसा येईपर्यंत पक्कं काढू नका, आरक्षण पुरतं.

नावांकडे वळते, कारण आपल्याकडे बायकांच्या बाबतीत हे हमखास अडतं. आईंच्या पासपोर्टवर सासरचं नाव असेल. ताईंच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव काय लिहिलंय ते आजच बघा. आपल्याकडे लग्नात पहिलं नावही बदलायची रीत होती, आणि मग दाखल्यावर एक नाव, पासपोर्टवर दुसरं, सातबाऱ्यावर तिसरं अशी गत होते. ताईंच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आई-वडिलांची नावं असतात, ती आईंच्या पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळतात का? जुळत नसतील तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद जोडा, आणि पत्रात दोन्ही नावं एकाच स्त्रीची आहेत असं लिहा.

सहीबद्दलही तेच. आईंची पासपोर्टवरची सही मराठीत असेल तर फॉर्मवरही मराठीतच करू द्या. जिथे अर्ज द्यायचा त्या व्हिसा केंद्राबाहेर उभे असलेले लोक बायकांना पाच मिनिटांत इंग्रजी सही शिकवतात, आणि मग पासपोर्टवरची सही आणि फॉर्मवरची सही दोन माणसांच्या दिसतात. देवनागरी सही पूर्ण चालते.

फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढरी किंवा फिकट पार्श्वभूमी, सहा महिन्यांच्या आतला. बाबा टोपी घालत असतील तर फोटोपुरती काढावी लागेल, हे घरीच सांगून ठेवा.

बोटांचे ठसे हा विषय मला मनापासून लिहायचा आहे, कारण तो कुणी सांगत नाही. केंद्रात दहाही बोटं काचेवर ठेवावी लागतात. मागे एक आजोबा होते, उभं आयुष्य ऊस आणि विळा यांत गेलेलं. चार बोटं काचेवर ठेवली की पडद्यावर पुसट ढग उमटायचा, रेषा नाहीत. मशीन लाल दिवा दाखवायचं, ते पुन्हा बोटं दाबायचे, इतकी जोरात की नखं पांढरी पडायची. चौथ्या खेपेला ते माझ्याकडे वळून म्हणाले, "माझंच काही चुकतंय का?" काउंटरवरच्या मुलीने उठून ओला कापूस आणला, त्यांची बोटं एकेक करून पुसली, आणि हात हलका ठेवायला सांगितला. तेव्हा उमटले. तुम्ही एवढं करा: आठ-दहा दिवस आधीपासून रात्री बाबांच्या बोटांना खोबरेल किंवा व्हॅसलीन चोळायला लावा, त्या दिवसांत आलं खुरपणं आणि चुना-तंबाखू मळणं थांबवा, आईंनी मेंदी लावू नये. एवढं करूनही एखादं बोट उमटलं नाही तर तशी नोंद होते. शारीरिक कारणाने ठसे येत नाहीत म्हणून कुणाचा अर्ज नाकारता येत नाही, हे त्यांना आधी सांगा, म्हणजे ते काचेवर जीव काढणार नाहीत. एकदा घेतलेले ठसे पाच वर्षांच्या आतल्या पुढच्या अर्जासाठी साधारणपणे वापरता येतात.

विमा किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा, त्यात तातडीचे उपचार, रुग्णालय आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च धरलेला. हे किमान आहे. साठीपुढच्या माणसांसाठी मी त्याहून बरीच मोठी रक्कम घ्यायला लावते. बाबांना बीपी किंवा शुगर असेल तर फॉर्ममध्ये लिहा आणि आधीपासूनच्या आजाराबद्दलचं कलम स्वतः वाचा, कारण स्वस्त पॉलिसीत नेमकं तेच वगळलेलं असतं. मुदत परतीच्या पुढे पंधरा दिवस वाढवून घ्या. गोळ्या हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, औषधाच्या मूळ नावाने.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि निदान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो. निर्णय साधारण १५ दिवसांत, पण ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो आणि तोवर पासपोर्ट तिकडे असतो. जूनसाठी मार्च हा तुमचा महिना: गाळपाचे पैसे तोवर खात्यात आलेले असतात आणि उन्हाळ्याच्या गर्दीआधी अपॉइंटमेंट मिळायची शक्यता जास्त. फी मोठ्यांना माणशी ९० युरो, जून २०२४ पासून, त्यावर केंद्राचा सेवा आकार. नकार आला तरी परत मिळत नाही. अपॉइंटमेंट मिळवून देतो म्हणून कुणी माणशी हजारो रुपये मागत असेल तर देऊ नका, रोज सकाळी स्वतः बघत राहा.

पासपोर्ट परत आला की स्टिकर केंद्राच्या दारातच वाचा. दोन तारखा असतात, कधीपासून आणि कधीपर्यंत. खाली एंट्रीचा आकडा, आणि मुक्कामाचे दिवस वेगळे. बहुतेक वेळा तारखांचा टप्पा १५ दिवस जास्त असतो, विमान पुढे-मागे झालं तर सोय म्हणून. लोक शेवटची तारीख बघतात आणि तिथपर्यंत राहता येईल असं धरतात. दिवसांच्या रकान्यात ३० असेल तर ३०च. आता हे चुकवणंही कठीण आहे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपने प्रवेश-निर्गमनाची संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू केली, शिक्क्यांच्या जागी. जाताना-येताना चेहऱ्याचा फोटो घेतात आणि दिवस यंत्रच मोजतं. तिथे असताना खरोखर आजारपण आलं तर मुदत संपण्याआधी ताईंनी त्याच परदेशी नागरिकांच्या कचेरीत डॉक्टरांचे कागद घेऊन जायचं, नंतर नाही.

नकार आलाच तर खचू नका. छापील फॉर्मवर कारणाच्या चौकटीत खूण असते. जर्मनीने १ जुलै २०२५ पासून फेरविचाराचा जुना अर्ज बंद केला आहे. त्यामुळे एक तर न्यायालय नाहीतर नवा अर्ज, आणि पर्यटकासाठी नवा अर्जच शहाणपणाचा. ताबडतोब करता येतो, पण ज्या कारणावर खूण आहे तिथे काहीतरी बदललेलं हवं. जुना नकार शेंगेनच्या नोंदीत पाच वर्षं दिसतो, लपवायला जाऊ नका. उलट, दिलेले व्हिसा नीट वापरले तर तेही नोंदीत दिसतं. एप्रिल २०२४ पासून भारतातल्या अर्जदारांना तीन वर्षांत दोन व्हिसा नियमाने वापरले की दोन वर्षांचा, आणि त्यापुढे पाच वर्षांचा व्हिसा मिळण्याची वाट खुली झाली आहे. वर्षाआड लेकीकडे जाणाऱ्या आई-बापांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

व्हिसा म्हणजे आत घेण्याची खात्री नव्हे, खिडकीतला अधिकारी विचारू शकतो. विमान फ्रँकफर्टला बदलणार असेल तर तपासणी फ्रँकफर्टलाच होईल, म्युनिकला नाही. म्हणून शक्यतो थेट म्युनिकचं विमान बघा, ताई दाराबाहेर उभ्या असतील. हमीपत्राची प्रत, ताईंचं निमंत्रण, परतीचं तिकीट, विमा हे सगळं हातातल्या पिशवीत, चेक-इनच्या बॅगेत नाही. इंग्रजी येत नाही याची लाज वाटू देऊ नका. एका कागदावर जर्मन आणि इंग्रजीत दोन ओळी लिहून द्या: आम्ही लेकीकडे आलो आहोत, हा तिचा पत्ता, हा फोन, ४ जुलैला परत जाणार.

आणि बॅग भरायला बसण्याआधी आईंशी बोला. बाहेरच्या देशांतून दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात आणायला प्रवाशांना बंदी आहे. म्हणजे साताऱ्याचे कंदी पेढे नाहीत, घरचं तूप नाही. झाडपाल्यालाही रोगमुक्तीचा दाखला लागतो, तेव्हा कढीपत्त्याची जुडी, हापूस आणि आपल्या शेतातलं ओलं आलंही नाही. चटण्या, मेतकूट, पापड, सुंठ न्या. लेकीसाठी बांधलेले पेढे विमानतळावरच्या टोपलीत टाकावे लागलेल्या एका आईला मी नंतर भेटले होते. त्या महिन्याबद्दल विचारलं, तर सगळ्यात आधी त्यांनी तेच सांगितलं.